डॉन इसिद्रोंच्या छातीवरची चीर

क्युपर्टिनोतल्या आमच्या गॅरेजमध्ये कित्येक वर्षांत गाडी उभी राहिलेली नाही. उत्तरेच्या भिंतीत उजेडासाठी मोठी खिडकी पाडून घेतली आहे, मधोमध लांबरुंद टेबल आहे, आणि त्या टेबलावर कुणाचे ना कुणाचे वाडवडील उताणे पडलेले असतात. मी जुनी तैलचित्रं दुरुस्त करते. निवृत्त झाले असं सगळ्यांना सांगते, पण टेबल अजून काढलेलं नाही.

मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन भेटलं की विचारतं, "काकू, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?" मी सांगते. मग, "म्हणजे पेंटिंग करता?"

"करत नाही. दुसऱ्याने केलेलं बिघडलं की नीट करते."

"अच्छा, म्हणजे मेंटेनन्स!"

सॉफ्टवेअरवाल्यांना हा शब्द लगेच कळतो. हल्ली मीही तोच वापरते.

कोल्हापुरात चित्रकलेचं शिक्षण घेऊन, लग्न करून मी इथे आले तेव्हा आमच्या घरामागे जर्दाळूची बाग होती. नवरा चिपा बनवणाऱ्या कंपनीत. मला चित्रकार म्हणून कुणी विचारलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संग्रहालयात दुरुस्तीच्या खोलीत मदतनीस हवी होती, तिथे लागले आणि तिथेच शिकले. काम सांगायला सोपं आहे. चित्रावरचा मळ काढायचा, जुनं पिवळं पडलेलं वॉर्निश उतरवायचं, फाटलं असेल ते शिवायचं, रंग उडाला असेल तिथे, आणि फक्त तिथेच, रंग भरायचा. मूळ रंगावर आपला ब्रश टेकवायचा नाही. आणि जे काही कराल ते पुढच्या माणसाला काढून टाकता आलं पाहिजे, कारण तुमच्यापेक्षा शहाणा कुणीतरी पुढे येणारच. मळ काढायला बाजारात महागडी रसायनं मिळतात, पण पहिला कापसाचा बोळा आम्ही आपल्या थुंकीत भिजवतो. खरंच. थुंकीइतकं सौम्य आणि नेमकं दुसरं काही नाही. माझ्या सासूबाई इथे राहायला आल्या होत्या, त्यांनी हे पाहिलं आणि परत जाईपर्यंत माझ्या हातचं पाणी जरा विचार करूनच प्यायल्या.

गिऱ्हाइकं विचित्र असतातच. एक निवृत्त मराठी डॉक्टर आजोबांचं तैलचित्र घेऊन आले. चेहरा काळपट झाला होता. "मूळचे गोरेपान होते हो," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी वॉर्निश उतरवलं. आजोबा छान उजळले, डोळे जिवंत झाले, पगडीचा लाल रंग बाहेर आला. पण आजोबा सावळे ते सावळेच.

"अजून थोडं काढता येणार नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काका, वॉर्निश निघतं. आजोबा निघत नाहीत."

त्यांनी चित्र नेलं. बैठकीत लावलं की नाही ठाऊक नाही.

एक नागपूरचा मुलगा होता, त्याने हॉटेलच्या सामानाच्या विक्रीतून एक निसर्गचित्र उचललं होतं. "काकू, ओरिजिनल आहे ना यार हे? सांगा ना!" मी भिंग देऊन त्यालाच बघायला लावलं. छापील ठिपके दिसल्यावर तो इतका हसला की मला वाईट वाटायचं राहून गेलं.

पण हे सगळं बाजूला ठेवून ज्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं आहे, ते डॉन इसिद्रो. हे 'डॉन' म्हणजे स्पॅनिशमधलं आपलं 'श्रीयुत'. फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं त्या काळात ते तिथले सरन्यायाधीश होते. घरच्यांच्या इच्छेवरून आडनाव देत नाही.

त्यांना माझ्याकडे आणलं रमोन नावाच्या गृहस्थांनी. रमोन म्हणजे डॉन इसिद्रोंचे पणतू, इथेच जन्मलेले, इथेच वकिली करून निवृत्त झालेले. बरोबर त्यांच्या आई होत्या, नव्वदी ओलांडलेल्या, चाकाच्या खुर्चीत. फिलिपिनो लोक आजीला लोला म्हणतात, आजोबांना लोलो. त्यांना सगळेच लोला रेमी म्हणायचे, मीही म्हणू लागले. लोला तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या, मागून त्यांनी आपल्या आईला आणलं, आणि आईने आणलं हे चित्र. युद्धाच्या दिवसांत गुंडाळून बांबूच्या नळकांड्यात घातलेलं.

टेबलावर उलगडलं तेव्हा आधी दिसला तो काळा झगा, मग एक रुंद, शांत चेहरा. गुंडाळल्यामुळे रंगाला आडव्या भेगांची जाळी पडली होती. आणि छातीच्या डाव्या बाजूपासून थेट गळ्यापर्यंत एक चीर होती. मागून ठिगळ लावून सांधलेली, पण पुढून उघड दिसणारी.

"ही चीर घालवायची नाही," रमोन म्हणाले. "बाकी सगळं नीट करा. ही जपानी संगिनीची आहे."

त्यांनी गोष्ट सांगितली. महायुद्धात जपान्यांनी मनिला घेतलं. त्यांना नव्या कोर्टासाठी एक वजनदार नाव हवं होतं, म्हणून ते म्हाताऱ्या डॉन इसिद्रोंच्या दारी आले. ते नाही म्हणाले. तेव्हा एका शिपायाने भिंतीवरच्या चित्रात संगीन खुपसली. आता इथल्या एका लॉ कॉलेजने ते चित्र वाचनालयात लावायचं कबूल केलं होतं. खाली पितळी पाटी लागणार होती आणि तिच्यावर संगिनीची हकीकत येणार होती. रमोन यांनी आयुष्यभर हा चेहरा मनात ठेवून वकिली केली होती. 

लोला मात्र त्या चित्राकडे नाही, खिडकीबाहेर बघत होत्या.

मी कामाला लागले. मळ निघाला, झग्याच्या घड्या दिसू लागल्या. मग चिरेपाशी आले आणि भिंग लावलं.

संगिनीचा किंवा तलवारीचा वार एका ओढीत जातो. कॅनव्हासचे धागे ओढले जाऊन तुटतात, त्यांची टोकं पिंजारतात. इथे तसं नव्हतं. आधी एक टोच होती आणि तिथून वर चीर थांबत थांबत गेली होती. दर थोड्या अंतरावर एक बारीक पायरी, आणि धाग्यांची टोकं स्वच्छ छाटलेली. कापड बेतलेल्या कुठल्याही बाईला हे ओळखता येईल. ही कात्री होती. लहान पात्यांची, शिवणाच्या पेटीतली.

दुसरी गोष्ट मला आणखी कोड्यात टाकत होती. मागचं ठिगळ अतिशय निगुतीने लावलेलं होतं, धागा धाग्याला जुळवून. हे करणाऱ्या हाताला पुढून रंग भरून चीर नाहीशी करणं अगदी सहज जमलं असतं. त्याने ती जाणूनबुजून तशीच ठेवली होती आणि वरून वॉर्निशचा हात दिला होता. ते वॉर्निश सगळ्या चित्रावर एकसंध होतं, त्याच्यावर कितीतरी वर्षांच्या दिव्याच्या काजळीचा थर होता, आणि गुंडाळल्याच्या भेगा तो थर आणि वॉर्निश दोन्ही चिरत गेल्या होत्या. म्हणजे चीर पडली, सांधली गेली, त्यानंतर चित्र पुष्कळ वर्षं भिंतीवर राहिलं, आणि मग युद्धात गुंडाळलं गेलं.

काम संपल्यावर आम्ही काय पाहिलं, काय केलं ते लिहून सही करून देतो. संगिनीचा वार असं लिहून मला सही करता येणार नव्हती. मी रमोन यांना फोन करून जे दिसलं ते सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शैला, आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे."

"असेल. पण मला कात्री दिसते आहे. युद्धाच्या खूप आधीची."

"तुमची चूक होऊ शकते ना?"

"होऊ शकते. दुसऱ्या कुणाला दाखवा, मला राग येणार नाही."

त्यांनी कुणाला दाखवलं नाही. आठवड्याभराने तेच आले, आईला घेऊन. "मी घरी हिला सांगितलं," ते मला म्हणाले, "तर ही म्हणते मला त्या बाईकडे घेऊन चल. इथे बोलणार नाही, तिथे बोलेन."

मी चहा केला. लोलांनी खुर्ची टेबलाला अगदी लावून घेतली आणि प्रथमच चित्राकडे नीट पाहिलं.

"कात्री कशी ओळखलीस, इहा?" इहा म्हणजे पोरी. मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि पायऱ्या दाखवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्या आईची," त्या म्हणाल्या. "कोन्सुएलोची. तेव्हा ती सतरा वर्षांची होती."

रमोन उभेच होते. ते स्टुलावर बसले.

पुढचं सगळं लोलांनी सांगितलं, थांबत थांबत, मधूनच आपल्या भाषेतला शब्द घालत. मी माझ्या शब्दांत सांगते.

इसिद्रो एका लहान गावातल्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्याचा मुलगा. शेजारच्या घरात विसेंते. दोघं बरोबर वाढले, बरोबर मनिलाला गेले, आणि पाद्री लोकांच्या शाळेत ताटं उचलून, फरशा पुसून शिकले. तेव्हा राज्य स्पेनचं होतं. इसिद्रो वकील झाले, विसेंते मास्तर झाला. स्पेनविरुद्ध उठाव झाला त्यात दोघंही होते. इसिद्रोंनी नव्या प्रजासत्ताकासाठी कायद्यांचे मसुदे लिहिले, विसेंतेने बंदूक घेतली. स्पेन गेलं आणि अमेरिका आली. पुन्हा लढाई, आणि ते प्रजासत्ताक संपलं.

अमेरिकनांनी कोर्टं उभी केली तेव्हा त्यांनी इसिद्रोंना बोलावलं. इसिद्रो गेले. त्यांना इंग्रजी धड येत नव्हतं, शेवटपर्यंत स्पॅनिशमध्येच निकाल लिहायचे. मित्रांनी तोंडावर सांगितलं, तू विकला गेलास. ते म्हणाले, "त्या खुर्चीवर कुणीतरी बसणारच आहे. आपल्या माणसाचं म्हणणं आपल्या भाषेत ऐकून घेणारा एक तरी तिथे असू दे." आणि त्यांनी ऐकलं. जमीनदारांविरुद्ध कुळांच्या बाजूने, पाद्र्यांविरुद्ध गावांच्या बाजूने त्यांनी निकाल दिले. पुढे ते सरन्यायाधीश झाले, तेव्हाच हे चित्र काढलं गेलं. पण त्यांच्या बरोबरचे बहुतेक न्यायाधीश अमेरिकन होते आणि कायदे अमेरिकनांचे होते.

त्यांतला एक कायदा असा होता की डोंगरात राहून लढणाऱ्याला लढवय्या म्हणायचं नाही, दरोडेखोर म्हणायचं. विसेंते डोंगरात होता. पकडला गेला, खालच्या कोर्टाने फाशी सुनावली, आणि अपील डॉन इसिद्रोंसमोर आलं.

"त्यांना बाजूला होता आलं असतं," रमोन मध्येच म्हणाले. त्यांच्यातला वकील जागा झाला होता. "आरोपी जवळचा मित्र आहे म्हणून."

"सगळ्यांना वाटलं तसंच करतील," लोला म्हणाल्या. "विसेंते माझ्या आईचा धर्मपिता होता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातात धरलं होतं. पण लोलो बसले. त्यांना वाटलं, आपण बसलो तर पुराव्यात कुठेतरी फट सापडेल. दुसरा कुणी ती शोधणारसुद्धा नाही."

त्या दिवसांत विसेंतेची बायको त्यांच्या घरी आली. दार कोन्सुएलोने उघडलं. डॉन इसिद्रो आत होते, पण खटला चालू असताना पक्षकाराला भेटणं न्यायाधीशाला चालत नाही. ते बाहेर आले नाहीत. बाई दुपारभर जिन्यावर बसून राहिली. कोन्सुएलोने तिला पाणी दिलं. मग तीही तिच्या शेजारी बसून राहिली.

फट सापडली नाही. साक्षीदार होते, कायदा स्पष्ट होता. डॉन इसिद्रोंनी इतरांबरोबर निकालावर सही केली. मग झगा उतरवून ते एका बड्या अमेरिकन अधिकाऱ्याकडे गेले आणि फाशीची जन्मठेप करा म्हणून विनंती केली. तो अधिकारी सौजन्याने वागला. त्याने सिगार पुढे केला आणि म्हणाला, "न्यायमूर्ती, निकाल तर तुमचाच आहे. तुमच्या कोर्टाचा मान आम्ही राखायला नको का?"

विसेंते फासावर गेला. दुसऱ्या दिवशी कोन्सुएलोने शिवणाच्या पेटीतली कात्री घेतली, दिवाणखान्यात खुर्चीवर चढली आणि बापाच्या चित्राला छातीपासून गळ्यापर्यंत कापलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. लोलो कोर्टातून आले, त्यांनी पाहिलं. आई तिथेच उभी होती, कात्री हातात. ती वाट बघत होती, आता मारतील, आता ओरडतील. ते आत गेले आणि कपडे बदलून जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये चित्रं रंगवणारा एक म्हातारा बोलावला. त्याला म्हणाले, भोक बुजव. रेघ राहू दे. त्याने चित्र पुन्हा त्याच खिळ्याला लावलं. पाहुणे येत, जेवत, वर बघत. कुणाची विचारायची छाती होत नसे. लोलो कधी सांगत नसत."

मला हे ऐकताना माझ्या आजोबांची आठवण झाली. आईचे वडील इंग्रजांच्या काळात बेळगावकडे मॅजिस्ट्रेट होते. घरात त्यांचा उल्लेख कायम अभिमानाने व्हायचा. त्यांच्यापुढे कोण उभं राहिलं, कुणाला त्यांनी काय शिक्षा दिली, हे आम्हां नातवंडांना कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं आम्हाला सुचलंही नाही. आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

"पण जपानी?" रमोन म्हणाले. "ते आले होते की नाही?"

"आले होते ना! मी तिथेच होते, फ्रॉक घालून दाराआड." लोलांचा चेहरा एकदम मुलीसारखा झाला. "एक अधिकारी आणि एक दुभाषा. अतिशय नम्र. साखरेचं पोतं आणि दुधाचे डबे घेऊन आले होते. आम्ही किती महिन्यांत साखर पाहिली नव्हती. अधिकारी म्हणाला, आपण अमेरिकनांसाठी न्यायदान केलंत, आमच्यासाठीही करा. लोलोंनी त्या चिरेकडे बोट दाखवलं. म्हणाले, 'परक्या झेंड्याखाली मी एकदा बसलो. त्याचं काय झालं ते तिथे आहे. पुन्हा बसणार नाही.' दुभाष्याला ते समजलं की नाही देव जाणे. अधिकाऱ्याने वाकून नमस्कार केला आणि ते गेले. लोलोंनी साखरसुद्धा परत पाठवली. रमोन, मला त्या साखरेचा राग कितीतरी वर्षं होता."

त्यानंतर घरावर पहारा बसला आणि धान्य मिळेनासं झालं. अमेरिकन परत यायच्या आधीच डॉन इसिद्रो गेले. शेवटी त्यांना हात उचलवत नव्हता. कोन्सुएलो स्वतः उपाशी राहून त्यांना भाताची पेज भरवत असे. मनिला जळू लागलं तेव्हा तिने भिंतीवरून हे एकच काढून घेतलं.

"आणि संगीन कुठून आली?" मी विचारलं.

"अमेरिकेत आल्यावर. माझ्या नवऱ्याने कुणा पाहुण्याला सांगितलं. ऐकायला छान वाटलं. आई तिथेच बसली होती, ती काही म्हणाली नाही. मग मीही नाही."

रमोन उठून खिडकीशी गेले होते. पाठ वळवूनच त्यांनी विचारलं, "पणजोबांनी आजीला माफ केलं का कधी?"

"मीही आईला हेच विचारलं होतं," लोला म्हणाल्या. "ती म्हणाली, तू उलटं विचारते आहेस."

"म्हणजे, तिने त्यांना?"

"ते तिने सांगितलं नाही. पेज भरवायची एवढं मी पाहिलं."

चहा निवून गेला होता. रमोन परत टेबलाशी आले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "शैला," ते म्हणाले, "तुम्हाला ही चीर पूर्ण घालवता येईल?"

खरं सांगते, येत होती. तेवढ्यासाठीच तर मी ही विद्या शिकले. सूक्ष्म ब्रश, बरोबर छटा, आणि दोन फुटांवरून कुणाला शंकासुद्धा आली नसती. फाटलेलं दिसेनासं करण्यात माझं उभं आयुष्य गेलं आणि त्याचा मला अभिमान आहे. मी म्हटलं, "येईल. पण त्यांनी मुद्दाम ठेवली आहे. मी ती बुजवणार नाही. तुम्हाला दुसऱ्याकडे नेता येईल."

"लोक विचारतील. मित्राला फाशी देणाऱ्याचं चित्र लॉ कॉलेजात का लावलं म्हणून."

"विचारू देत," लोला म्हणाल्या. "त्यांनी आयुष्यभर ते डोक्यावर टांगून त्याच्याखाली जेवण केलं. तुला पाटी लावायला जड जातं?"

आईने मुलाला असं बोललेलं परक्या माणसाने ऐकू नये. मी कप उचलून आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं, दोघं टेबलाशी बसून होते. मग रमोन यांनी भिंग उचललं आणि ते चित्रावर वाकले.

मी भेगा बसवल्या, उडालेल्या जागी रंग भरला, नवं वॉर्निश दिलं. मागचं ठिगळ काढलं नाही. माझ्याहून ते चांगलं होतं. चिरेवरची धूळ तेवढी पुसली. पहिला बोळा अर्थातच आमच्या नेहमीच्या पद्धतीने, आणि हे मी लोलांना सांगितल्यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

वाचनालयात चित्र लागलं तेव्हा मी साडी नेसून गेले होते. रमोन भाषणासाठी उभे राहिले. त्यांच्या हातात कागद होता, पण त्यांनी तो वाचला नाही. विसेंतेचं नाव त्यांनी आधी घेतलं, पणजोबांचं नंतर. लोक टाळ्या वाजवायच्या की नाही या संभ्रमात राहिले आणि मग कुणीच वाजवल्या नाहीत. मला ते योग्य वाटलं. पाटीवर नाव होतं, पद होतं, आणि खाली दोन ओळी: ही चीर त्यांच्या मुलीने दिली. ती त्यांच्या इच्छेवरून राखली आहे.

खाणंपिणं सुरू झालं. कायद्याची एक विद्यार्थिनी पाटी वाचून बराच वेळ उभी होती. हातातली बशी तशीच. मग ती लोलांच्या खुर्चीपाशी येऊन वाकली.

"मॅम, मुलीने असं का केलं?"

लोलांनी तिच्या हातातली बशी घेऊन माझ्याकडे दिली आणि शेजारची खुर्ची दाखवली.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी विसेंते कोण होता ते सांगते."